निरगुडीचा फोक

गेल्या दिवाळीनंतर आमच्या शाळेच्या तुकडीचे स्नेहसंमेलन झाले. जेवणे उरकून पानाचे तबक फिरू लागले तशी बोलण्याची गाडी नेहमीप्रमाणे लहानपणी खाल्लेल्या मारावर आली. एकाला वडिलांनी बैलाच्या आसुडाने झोडपले होते, एकाच्या आईने चुलीपुढून न उठता लाटणे फेकून त्याच्या कपाळावर कायमची खूण करून ठेवली होती, आणि एकजण विहिरीवर पोहायला गेला म्हणून अख्खी दुपार गोठ्यातल्या खांबाला बांधलेला होता. पन्नाशीला आलेली पंधरा-वीस माणसे पोट धरून हसत होती. मीही माझी भर घातली आणि निरगुडीच्या फोकाची गोष्ट सांगून चांगला हशा मिळवला. शेवटी कोणीतरी ठरलेले वाक्य उच्चारले, "तसा मार खाल्ला म्हणून तर माणसात आलो." सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी परतताना मात्र एक गोष्ट मनातून हलेना. त्या तासाभरात मारण्याचे कारण, मारण्याची वस्तू, मारणाऱ्याची लकब, उठलेले वळ असे सगळे तपशील निघाले होते. पण मार बसत असताना आत काय होत होते, ते एकानेही सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते, आणि खरे म्हणजे आठवायचा प्रयत्न केला तरी ते मला नीट सापडत नव्हते.

या विस्मरणाबद्दल अमेरिकेतल्या बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ साली सहकाऱ्यांसह लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध आहे. मिशिगनमध्ये त्यांच्याकडे अशा तरुण आया येत, ज्यांना आपल्या तान्ह्या बाळाचे रडणे जणू ऐकूच येत नसे. या आयांना स्वतःच्या बालपणातला छळ तारीखवार आठवत होता. आठवत नव्हते ते त्यावेळचे दुःख. फ्रायबर्ग यांचे म्हणणे असे की, घटना लक्षात राहिली आणि तिच्यातली वेदना मात्र पुसली गेली, तर माणूस मोठेपणी नकळत मारणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. त्यांच्यासमोर बसून एखादी आई स्वतःसाठी रडू शकली, की तिला आपल्या बाळाचे रडणे ऐकू येऊ लागे. आमच्या पंगतीतला तो हशा मला या संदर्भात आठवतो. त्या हशात खोटे काहीच नव्हते. फक्त आमच्यातला प्रत्येकजण ती गोष्ट वडिलांच्या जागेवरून सांगत होता.

माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. हंगाम सुरू झाला की काटा रात्रंदिवस चाले आणि अण्णांची पाळी दर आठवड्याला बदले. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली असे, ऊस वाळत चाललेला असे, आणि गाडीवान तासन्‌तास ताटकळलेले असत. काट्यावर बसलेला माणूस वजन मारतो असा शेतकऱ्यांचा संशय, आणि तोच शेतकऱ्यांना सांभाळून घेतो असा वरिष्ठांचा संशय. दोन्हीकडच्या शिव्या ऐकायच्या आणि एकालाही उत्तर द्यायचे नाही, अशी ती नोकरी होती. हे मला आज कळते. तेव्हा मला एवढेच कळत असे की अण्णा अंगणात सायकल लावतात ती दोन तऱ्हांनी. स्टँड पायाने अलगद ओढला गेला तर संध्याकाळ बरी जाणार. लाथेने खाडकन लागला तर वही-पुस्तक काढून बसलेले बरे. हा फरक आईलाही एवढा अचूक कळत नसे.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांनी २००२ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांविषयी वाचले, तेव्हा मला तो सायकलचा स्टँड आठवला. मुलांसमोर एक अंधूक चेहरा ठेवायचा आणि तो हळूहळू स्पष्ट करत न्यायचा, की कुठल्या टप्प्यावर भाव ओळखू येतो ते पाहता येते. घरी मार खाणाऱ्या मुलांनी रागाचा चेहरा इतर मुलांच्या कितीतरी आधी, फार थोड्या खुणांवरून ओळखला. म्हणजे मार मुलाला एक विद्या शिकवतोच. ‘छडी लागे छमछम’ म्हणणाऱ्यांना अभिप्रेत असलेली मात्र ती नव्हे. मूल मोठ्यांचे चेहरे वाचायला शिकते. त्याची सगळी हुशारी तिकडे खर्च होते, आणि मग गणिताच्या वहीत चुका झाल्या म्हणून पुन्हा मार बसतो.

फोक मलाच आणावा लागे. ओढ्याकाठी निरगुडीची दाट जाळी होती. "जा, फोक तोडून आण," एवढेच अण्णा म्हणत, आणि ओरडत मुळीच नसत. ओला फोक लवतो आणि अंगाला वेढा घालतो, वाळका दुसऱ्या फटक्याला मोडतो, हे ज्ञान मला सातव्या वर्षीच होते. पण वाळका फोक आणणे ही लबाडी ठरत असल्यामुळे तिची शिक्षा वेगळी असे. ओढ्यापर्यंत जाऊन येण्याच्या त्या दहा मिनिटांत मी कधी पळून गेलो नाही. रात्री आजी त्याच जाळीतला पाला खुडून आणी, तव्यावर गरम करी, फडक्यात बांधून माझ्या पोटऱ्या शेकी. फोकही निरगुडीचा आणि सूज उतरवणारा पालाही निरगुडीचा, यात आमच्या घरी कोणाला काही विचित्र वाटत नसे. आजी शेकताना मुलाला बोल लावत नसे की नातवाला. तिचा हात त्या कामाला फार सरावलेला होता. माझ्याआधी ती कोणाचे वळ शेकत होती, हे विचारायचे मला कधी सुचले नाही.

बलवान माणूस दुर्बळाला मारतो, असे आपण सहज म्हणून जातो. शरीरापुरते ते खरे आहे. पण मारणाऱ्याच्या मनात त्या क्षणी जे चित्र असते ते बहुधा याच्या अगदी उलटे असते, असे मला आता वाटू लागले आहे. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ डॅफ्नी ब्यूजेंटल यांनी याच प्रश्नावर अनेक वर्षे काम केले. ज्या पालकांना मुलासमोर आपले काही चालत नाही असे वाटते, सगळी सूत्रे त्या पोराच्याच हातात आहेत असे वाटते, ते पालक हट्टी मुलाकडे संकट म्हणून पाहतात. त्यांचे शरीरही संकटात सापडल्यासारखे तापते, आणि हात उठण्याची शक्यता अशा घरी जास्त असते. दिवसभर काट्यावर दोन्ही बाजूंनी लहान झालेला माणूस घरी येतो, आणि सातवीतले पोर एक प्रश्न तीनदा विचारूनही उत्तर देत नाही. भीतीने त्याची वाचा बसलेली आहे, हे त्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की हेही आपल्याला जुमानत नाही.

हे सगळे अण्णांवर घालून मी मोकळा झालो असतो, पण तशी सोय राहिलेली नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना मी एकदा त्याच्या थोबाडीत मारली. रात्रीचे नऊ वाजले होते, चौदाचा पाढा चालला होता, आणि चौदा साते किती हे त्याला चौथ्यांदा आले नाही. त्या दिवशी कार्यालयातल्या बैठकीत माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या साहेबाने मला सर्वांसमोर ज्या शब्दांत झापले होते, ते शब्द अजून कानात होते. तरीही मी पाढ्यासाठी मारले नाही. मी आवाज चढवला तेव्हा पोरगा हसला, म्हणून मारले. ओठ ताणून, दात थोडे दाखवून तो हसला, आणि मला वाटले की हा मला हसतो आहे. मारल्यावरही ते हसू दोन-तीन क्षण तसेच चिकटून राहिले, आणि तेव्हा कुठे मला कळले की ते हसू नव्हतेच. भ्यालेल्या मुलाचा चेहरा कधीकधी असा होतो. चेहरे वाचण्यात एवढा तरबेज असलेला मी, स्वतःच्या मुलाचा चेहरा मात्र साफ चुकीचा वाचला होता. ज्याला दर चेहऱ्यात आधी राग आणि अपमान शोधायची सवय लागलेली असते, त्याला पुढे तेच सापडत राहतात.

भागवताच्या दशम स्कंधात यशोदा काठी घेऊन कृष्णामागे धावते, तो प्रसंग कीर्तनांतून शेकडो वेळा ऐकलेला होता. लक्ष नेहमी लोण्याकडे आणि दोन बोटे कमी पडणाऱ्या दोरीकडे जाई. पण मधल्या एका श्लोकात असे आहे की पकडलेला कृष्ण रडत डोळे चोळतो, काजळ गालभर पसरते, डोळ्यांत भय दाटते, आणि मुलगा भ्याला आहे हे उमगून यशोदा काठी टाकून देते. शिक्षा ती सोडत नाही. त्याला उखळाला बांधतेच. तिच्या हातातली काठी सुटली ती केवळ तिला समोरचा चेहरा वाचता आला म्हणून. याच परंपरेत ‘लालयेत् पञ्च वर्षाणि, दश वर्षाणि ताडयेत्’ हे सुभाषितही आहे, आणि आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना पाठ होते ते नेमके हेच.

आकडे पाहिले तर आमची पंगत अपवाद नव्हती. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मार सोसलेला होता, आणि घरच्या माणसांकडून मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. शाळेतली छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केली. घराच्या उंबऱ्यापाशी मात्र कायदा घुटमळतो. बालकाशी क्रूरतेने वागण्याला बाल न्याय कायद्यात शिक्षा आहे, आणि तरी पालकाने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला दंड संहितेत होते ते कलम ८९ चे संरक्षण आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये तसेच्या तसे आले आहे. स्वीडनने १९७९ साली घरातला मारही कायद्याने बंद केला, आणि ही बातमी दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघरी न्याहारीच्या टेबलावर पोहोचवली. आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर असे काही छापले गेले तर सकाळी घरोघरी काय संवाद होतील, याची कल्पना करून मला हसू येते.

त्याच २००७ साली आपल्या संसदेने आणखी एक कायदा केला: आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा. म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांनी सांभाळावे यासाठी न्यायाधिकरण नेमावे लागावे, याबद्दल तेव्हा बरीच हळहळ व्यक्त झाली होती. मारणारे पालक आणि टाकून देणारी मुले ही दोन वेगळी प्रकरणे आहेत असे धरून आपण एका अभ्यासाने हादरलो आणि दुसऱ्या कायद्याने खिन्न झालो. दोन्हीकडची घरे पुष्कळदा तीच असतील, अशी शंकाही कोणी घेतली नाही.

मार खाल्लेला प्रत्येकजण पुढे मारतोच, असे मात्र नाही. येल विद्यापीठातल्या जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ साली तोवरचे संशोधन तपासून असा अंदाज मांडला की छळ सोसलेल्यांपैकी सुमारे तीस टक्के लोक आपल्या मुलांचा छळ करतात. हे प्रमाण इतरांच्या मानाने बरेच जास्त आहे. तरी उरलेल्या सत्तर टक्क्यांचे काय, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. मिनेसोटातल्या एका अभ्यासात छळ सोसूनही तो पुढे न नेलेल्या आयांच्या बालपणी बहुतेक वेळा निदान एक मायेचे मोठे माणूस होते, किंवा पुढे त्यांना जिवाभावाचा जोडीदार वा चांगला उपचारक भेटला होता. मी हे वाचले तेव्हा तव्यावर गरम केलेल्या पाल्याचा वास आल्यासारखा झाला.

मूल आईवडिलांवर हात टाकते, ही गोष्ट अजून आपल्याकडे दाराआडच राहते. समुपदेशन करणारी माझी एक मैत्रीण सांगते की, मुलाने मारले हे सांगायला आलेली आई पहिल्या दोन भेटींत त्याच्या अभ्यासाबद्दलच बोलते, आणि तिसऱ्या भेटीत बाही वर करते. सोळा वर्षांचा मुलगा, हातातून काढून घेतलेला मोबाइल, ढकलाढकली, मग बुक्की. मोबाइलला दोष देऊन हे प्रकरण सुटत नाही. ओरेगनमध्ये अनेक वर्षे घरांत बसून निरीक्षणे केलेल्या मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी या गोष्टीची यंत्रणा उलगडून दाखवली. मूल रडून गोंधळ घालते, आई मागे हटते, गोंधळ थांबतो; म्हणजे गोंधळ घातला की जिंकता येते हे मुलाला कळले, आणि हार मानली की शांतता मिळते हे आईला. दुसऱ्या दिवशी आई थप्पड देते, रडणे तात्काळ थांबते. म्हणजे थप्पड लागू पडते हेही आईला कळले. दोघेही एकमेकांना शिकवत असतात, आणि दर वेळी आवाज, हात, वस्तू यांची पायरी एकेक वर चढत जाते. लहानपणी या खेळात वजन आईबापांचे असते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी वजन फिरते.

आईला मारणारा तो मुलगा समोर बसला की माझ्या मैत्रिणीला गुंड दिसत नाही. ‘घरात माझं कोणी ऐकतच नाही,’ हे त्याचे वाक्य ती पुन्हापुन्हा ऐकते. काट्यावरून घरी आलेल्या अण्णांच्या मनात यापेक्षा वेगळे काय असेल?

तेल अवीवचे मानसशास्त्रज्ञ हाइम ओमर यांनी अशा घरांसाठी एक पद्धत घडवली, आणि तिचा आधार त्यांनी मानसशास्त्राबाहेर, गांधींच्या अहिंसक प्रतिकारात शोधला. आईबापांनी मारायचे नाही आणि शरणही जायचे नाही. भांडण पेटलेले असताना उत्तर न देता, तवा थंड झाल्यावर शांतपणे मुलाच्या खोलीत जाऊन बसायचे आणि हे आम्ही चालू देणार नाही एवढे सांगून उत्तराची वाट पाहायची. आणि घरातली गोष्ट घरात दडवून न ठेवता नातेवाइकांना, शेजाऱ्यांना साक्षीला बोलवायचे. चार लोकांत अब्रू जाईल, या भीतीवर आपल्याकडे हे तिसरे पाऊल अडते. गंमत म्हणजे खुद्द गांधींनीही टॉल्स्टॉय फार्मवर एका दांडगट मुलाला हाताशी असलेल्या आखणीच्या रुळाने मारले होते, आणि मारताना आपण थरथरत होतो असे आत्मकथेत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. मुलाने क्षमा मागितली. पण गांधींना शेवटपर्यंत आपण त्याला आपल्यातला पशू दाखवला असे वाटत राहिले. पंगतीत सांगण्याच्या आठवणींत असले वाक्य कधी येत नाही.

अण्णा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि माझ्याकडे पुण्यात राहतात. तीन वर्षांपासून त्यांना स्मृतिभ्रंश आहे. रात्री दोनच्या सुमारास ते उठतात, सदरा चढवतात आणि तिसरी पाळी चुकेल म्हणून सायकल शोधू लागतात. दार आतून बंद आहे हे लक्षात आले की ते चिडतात. मागच्या पावसाळ्यात अशा एका रात्री, सलग तिसऱ्या जागरणानंतर, मी त्यांना पलंगाकडे नेऊ लागलो तेव्हा त्यांनी माझ्या छातीत गुद्दा मारला. लागला नाही. मी त्यांचे मनगट पकडले आणि दाबले. धरण्यासाठी लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त दाबले, हे मला दाबतानाच कळत होते. आणि त्या क्षणी मला ते म्हातारे वाटले नाहीत, आजारी वाटले नाहीत. ते मला प्रचंड मोठे वाटले.

अण्णांनी दुसरा हात कोपरात वाकवून तोंडासमोर धरला. ती खूण माझी होती. ओढ्यावरून फोक आणून दिल्यावर मी नेमका तसाच कोपर वर करत असे.

"बाबा, सोड त्यांना," दारातून मुलगा म्हणाला. तो आता सतरा वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा दोन बोटे उंच. आम्ही अण्णांना अजून ‘तुम्ही’ म्हणतो, तो मला ‘तू’ म्हणतो, आणि त्याचे मला एरवी कौतुक असते. पण त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हा मला आवाज चढवून बोलतो आहे. मग मी त्याच्याकडे पाहिले. ओठ ताणून, दात थोडे दाखवून तो उभा होता.

मी मनगट सोडले. तो पुढे आला आणि अण्णांना म्हणाला, "आजोबा, आज काटा बंद आहे. रांगेत एकही गाडी नाही." अण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, सदऱ्याची बटणे काढली आणि पलंगावर बसले.

सकाळी त्यांच्या मनगटावर चार बोटे निळी उमटली होती. त्या वयात कातडी पातळ असते, असे पत्नी म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. मी फिरायला जातो त्या कालव्याकाठी निरगुडी आहे, हे मला ठाऊक होते. पाला आणला, तव्यावर गरम केला, फडक्यात बांधला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला. "कुठं पडलो मी?" त्यांनी विचारले. "पडला नाहीत, अण्णा. मी जोरात धरलं रात्री," मी म्हणालो. ते ऐकले की नाही कोण जाणे. फडक्याचा वास घेऊन ते म्हणाले, "निरगुडी." आणि त्यांनी दुसरा हातही पुढे केला.

त्याच्यावर काहीच नव्हते. मी तोही शेकला.